सिंहगडाच्या दारूकोठारात संग्रहालय करावे का?

कोनाडा:
पुणे दरवाज्यातून वर आले की उजव्या हाताला दारूकोठाराची दगडी इमारत लागते. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि भज्यांकडे वळतात. रिकामी वास्तू लवकर पडते: छतावर पिंपळ धरतो, मूळ सांध्यात उतरते, वटवाघळे मुक्कामाला येतात आणि गळती कुणाला दिसतच नाही. लाल किल्ल्यातल्या इंग्रजी बराकींत २०१९ मध्ये संग्रहालये झाली. हाँगकाँगचा १८८७ चा लेई यू मुन किल्ला २००० पासून संग्रहालय आहे. मग इथेच काय अडते?

चुनाभट्टी:
पाणी अडते. बराक माणसांना राहायला बांधलेली असते. खिडक्या मोठ्या, हवा खेळती. कोठार त्याच्या उलट. आणि छत गळले नाही तरी जूनमध्ये भिंती ओल्या होतात, ते वेगळ्याच कारणाने. बाहेरची हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर तिचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. जाड दगड अजून २१ वर असेल तर त्या हवेतले पाणी थेट भिंतीवर उतरते. म्हणजे ‘दारे उघडी टाका, वाळेल’ हा उपाय पावसाळ्यात उलटा पडतो. कागद आणि कापडाला साधारण ५० टक्के आर्द्रता लागते, लोखंडी पात्यांना त्याहून कमी. तुम्ही तलवारी मांडणार कुठे?

कोनाडा:
अहो, दारू कोरडी राहावी म्हणूनच तर कोठार बांधले ना!

चुनाभट्टी:
मग रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, मराठेशाहीतल्या कारभाराचे नियम सांगणारे, काढून बघा. तळघर, गच्च (चुन्याची पक्की जमीन), वर माच (मचाण), त्यावर दारूची मडकी, एवढा बंदोबस्त सांगूनही पुढे हुकूम आहेच: आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून (मोहोरबंद) ठेवावे. इमारतीवर त्यांचाही भरवसा नव्हता, भरवसा माणसावर होता.

थापी:
दोघांचेही थोडे बरोबर. काम करायचेच तर आधी छत. पिंपळ नुसता छाटू नका, तो दुप्पट जोमाने फुटतो. मूळ मारून मगच सांधा उघडायचा. सिमेंट अजिबात नको. ते दगडातली ओल अडवते, मग ओल बाजूच्या दगडातून बाहेर पडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना किमान १५ दिवस भिजवून मुरलेला, एक भाग चुन्याला दोन भाग वाळू-सुर्खी (विटांची भुकटी). काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातही गोणपाट ओले ठेवले नाही तर चुना वरून तडकतो आणि आत भुसभुशीत राहतो. कंत्राट मार्चमध्ये निघते आणि मेमध्ये घाईने थापले जाते, घोडे तिथेच पेंड खाते.

आत दगडाला ड्रिल लावायचे नाही. जमिनीपासून हातभर वर लोखंडी चौकटीची फरशी, स्वतःच्या पायांवर उभी, वायरी तिच्याखालून. उद्या काढली तर खाली खूण राहता कामा नये. मांडायचे काय? तोफगोळे, जाती, कोरीव दगड, गडाची प्रतिकृती. पोशाख नको, कागदपत्रे नकोत.

कोनाडा:
हे चालेल. वीज आहेच गडावर.

थापी:
विजेवरून आठवले, १७५१ मध्ये याच कोठारावर आकाशातली वीज पडल्याचे सांगतात. तडितरोधक बसवायचा तर अर्थिंग काळ्या कातळात करावे लागेल. एक खड्डा पुरत नाही. तांब्याची पट्टी लांबवर, जिथे माती सापडेल तिथवर न्यावी लागते. अंदाजपत्रकात ही बाब बहुधा विसरलेली असते.

नगारखाना:
मुळात गडावर संग्रहालय हवेच कशाला? घाटात दरड आली की रस्ता बंद. तुमचे हाँगकाँगचे उदाहरणही अर्धेच सांगितले. तिथे मधल्या चौकावर तंबूसारखे ताणलेले छत घातले, २०१८ च्या वादळात नासधूस झाली आणि संग्रहालय २०२२ पर्यंत बंद राहिले. वस्तू पुण्यात ठेवा. गडावर फक्त गड दाखवा: देवटाक्यात पाणी कुठून येते, पागा कातळात कशी खोदली, कल्याण दरवाज्याची वाट का वळते.

कोनाडा:
पुण्यात म्हणजे शनिवारवाड्यात? १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत. नवे बांधायला केंद्राचे संरक्षित स्मारक, हद्दीपासून १०० मीटर बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने.

नगारखाना:
वाड्यात कोण म्हणतंय? केळकर संग्रहालय शहरातच आहे, तेही एका जुन्या वाड्यात. लोक जातात तिथे.

चुनाभट्टी:
थापींच्या यादीत एक भर. आधी दोन पावसाळे कोठारात तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवा, तासातासाची. यंत्र मुठीएवढे असते. एक दाराशी, एक आतल्या कोपऱ्यात. आकडे आल्याशिवाय कपाटांचे टेंडर काढू नका. आणि ओल शोषणाऱ्या यंत्राची टाकी रोज कोण रिकामी करणार, त्याचे पद आधी मंजूर करून घ्या.

कोनाडा:
म्हणजे पुन्हा हवालदार.

चुनाभट्टी:
हो. आणि त्याला पावसाळ्यात रजा नाही.