ट्रेलरमधलं घडीचं टेबल, खुर्च्या, पलंग: घाटात कसं बांधता? अनुभव सांगा

मंडळी, गेल्या महिन्यात पसरणी घाटात माझ्यावर जी वेळ आली ती आधी सांगतो. मग तुमचं ऐकायचं आहे.

आमचा ट्रेलर म्हणजे फिरायला गाडीमागं ओढायची छोटी खोली. एका आसाचा, आतून साडेदहा फूट. सांगाडा साताऱ्यात करून घेतला, आतलं सुतारकाम मी आणि मेव्हण्यानं मिळून केलं. आत चौदा किलोचं घडीचं टेबल, चार घडीच्या खुर्च्या आणि भिंतीला बिजागरीवर लावलेला पलंग. ओढायला बोलेरो. वाईहून पाचगणीला चढायच्या आधी टेबलाचे पाय मिटले, ते दाराशेजारी भिंतीला उभं टेकवलं आणि भोवती हुकांची लवचिक दोरी लावली. मोटरसायकलच्या कॅरियरला लावतो तीच. हातानं हलवून बघितलं तर घट्ट वाटलं.

घाटभर मला काहीही ऐकू आलं नाही. ट्रेलरमध्ये काय आदळतंय ते पुढच्या गाडीत कळतच नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पाचगणीत थांबलो तर दार उघडेना. टेबल सरकून दारामागं आडवं पडलं होतं, आणि आमचं दार आत उघडणारं. शेवटी मुलीला खिडकीतून आत उतरवलं. ती आतून म्हणाली, "बाबा, टेबलाचा पाय गॅसच्या नळीवर आहे." पाच किलोचा सिलिंडर ओट्याखाली होता. टेबलाचा एक पाय उघडून तिथं घुसला होता, त्याचं रबरी बूच निघालेलं आणि लोखंडी कड नळीला घासत आलेली. नळी फाटली नव्हती. पण पोरगी त्या बंद खोलीत आणि मी बाहेर, ती दोन मिनिटं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

मला एवढं कळलं की घडीची वस्तू दोन तऱ्हेनं दगा देते. ती सरकते आणि ती उघडते. मी फक्त सरकण्याचा विचार केला होता, तोही अर्धवट. लवचिक दोरी ताणली जाते, तेवढी जागा वस्तूला मिळते, आणि तेवढ्या जागेत पाय उघडतो. आता सिलिंडर बाहेर, पुढच्या दांड्यावर जाळीत ठेवला आहे आणि निघताना त्याचा रेग्युलेटर बंद करतो. दारही बाहेर उघडणारं करून घेतोय. टेबलाचं मात्र अजून ठरत नाही. तुम्ही काय करता?

कराड, मंडपाचा धंदा

दादा, पोरगी सुखरूप आहे हे वाचून जिवात जीव आला.

आमच्याकडं तुमच्यासारखा ट्रेलर नाही, पण घडीच्या खुर्च्या-टेबलं ट्रॉलीतून न्यायचं काम वडिलांपासून चालू आहे. लग्नसराईत पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, सगळीकडं जातो. आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला स्प्रिंगचे पाटे नाहीत, सगळा दणका सामानाला बसतो. त्यामुळं जे ट्रॉलीत टिकतं ते तुमच्यात टिकणारच.

पहिलं म्हणजे टेबल दाराजवळ ठेवूच नका. आम्ही सगळं पुढच्या फळीला भिडवून लावतो. ब्रेक लागला की माल पुढं जाणार, तर पुढं आधीच भिंत पाहिजे, मधे बोटभरसुद्धा फट नको. दोन टेबलं तोंडाला तोंड लावून उभी करायची, मधे वाकळ. सनमायका घासत नाही आणि वाकळ दाबली जाते म्हणून टेबलं खुळखुळत नाहीत. खुर्च्या कपाटात पुस्तकं लावतात तशा, एक पाठ वर, एक खाली.

पाय उघडू नयेत म्हणून प्रत्येक टेबलाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. दोन वेढे आणि टोक आत खोचायचं. ट्यूब एवढ्याच कामाची. तिच्यावर सगळा भार टाकायचा नाही. भाराला बेल्ट, नाहीतर दोरी. काथ्याची दोरी मी बंद केली. ती पावसात भिजली की आवळते आणि उन्हात वाळली की सैल सुटते. एका वेळी मल्हारपेठेजवळ उन्हं आली आणि बांधलेल्या बारा टेबलांतली चार रस्त्यावर. मागं मोटरसायकलवर नवरा-बायको होते. त्यांनी गाडी वेळेत कडेला घेतली म्हणून मी आज हे लिहितोय. त्या दिवसापासून रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्यानं आवळायचा पट्टा.

सातारा तालुका, निवृत्त फौजी

सैन्यात सतरा वर्षं गाडी चालवली. एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुणीच करत नाही. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा आणि परत आवळा. सामान पहिल्या धक्क्यांत बसतं, खाली दबतं, आणि मग तुमचा घट्ट बेल्ट सैल झालेला असतो. त्यानंतर प्रत्येक चहाला एकदा. घाट चढायच्या आधी आणि उतरायच्या आधी वेगळं. साताऱ्याहून कासला निघालात तर यवतेश्वर घाट शहर सोडताच लागतो, तिथं दहा किलोमीटर मिळत नाहीत. पायथ्यालाच बघून घ्यायचं.

विटा

मी आणि आमचे हे, दोघंच फिरतो. मुलं नोकरीला बाहेर. आमच्या ट्रेलरमध्ये भिंतीतून खाली येणारा पलंग आहे, गादीसकट बावीस किलोचा. त्याला दोन हायड्रॉलिक दांडे आहेत. आमचा समज असा की दांडे आहेत म्हणजे पलंग वर राहणारच. घरात राहतोही. पण तो दांडा उचलायला मदत करतो, अडकवून ठेवत नाही.

आटपाडीच्या रस्त्याला एक ब्रेकर दिसला नाही. थोड्या वेळानं सावलीला थांबून बघतो तर पलंग खाली, आणि वरची बिजागरी भिंतीतून उपटून आलेली. स्क्रू सव्वा इंची होते, पण भिंतीची प्लाय नऊ मिलिमीटरची! म्हणजे त्या लांब स्क्रूनं धरलं होतं फक्त नऊ मिलिमीटर लाकूड. बाकीचा स्क्रू मागच्या पोकळीत. सुतारानं काम मनापासून केलं होतं, पण त्यानं घराच्या भिंतीचा विचार केला आणि आमची भिंत रस्त्यावर धावणारी.

आता बिजागरी लोखंडी चौकोनी पाइपवर घेतली आहे. जिथं पाइप नाही तिथं आरपार बोल्ट, मागं तीन इंचाची लोखंडी पट्टी आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. साधा नट हादऱ्यानं फिरून सुटतो, नायलॉक धरून राहतो. पलंग वर गेला की दोन्ही कोपऱ्यांना टॉवर बोल्ट आणि मधून आडवा पट्टा. यांना पट्टा जास्तीचा वाटतो. मला नाही वाटत. टॉवर बोल्ट उभा लावला तर दांडी स्वतःच्या वजनानं खाली बसलेली राहते. आडवा लावला तर हादऱ्यानं हळूहळू मागं सरकते, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि ताई-दादा, कपाटांना लोहचुंबकाचे कॅच असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. स्टीलचे डबे सगळे खाली आले होते, वर्षाची चटणी जमिनीवर.

आष्टा, तंत्रनिकेतनात शिकवतो

बांधणीबद्दल वरच्या सगळ्यांनी बरोबर सांगितलं आहे. मी त्यात दोन आकडे घालतो.

माल बांधताना साधारण असं धरतात: पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या ०.८ पट जोर, बाजूला आणि मागं ०.५ पट. म्हणजे तुमचं चौदा किलोचं टेबल जोरात ब्रेक लागला तर सुमारे अकरा किलोच्या जोरानं पुढं ढकलतं, वळणावर सात किलोच्या जोरानं बाजूला. हे बांधलेल्या टेबलाचं झालं. सुटून दोन फूट घसरल्यावर ते ज्यावर आदळतं, तिथला दणका याच्या कितीतरी पट असतो. म्हणून कराडच्या दादांची "बोटभर फट नको" ही गोष्ट सगळ्यात मोलाची. पट्टा वरून कितीही आवळला तरी तो टेबलाला फक्त खाली दाबतो, सरकणं थांबवायचं काम घर्षण करतं, आणि ट्रेलरमधल्या गुळगुळीत शीटवर घर्षण कमी. खाली रबरी मॅट टाका आणि टेबलाच्या पायथ्याशी जमिनीला लाकडी गुटके बोल्टनं बसवा. पट्टा मग दुय्यम राहतो.

दुसरी गोष्ट सामान कुठं ठेवायचं याची, आणि ती मी किंमत मोजून शिकलो. माझा ट्रेलर भरून ७२० किलो. गाडीला जोडायच्या हुकवर ८० किलो येत होते, म्हणजे एकूण वजनाच्या ११ टक्के. असा एका आसाचा ट्रेलर स्थिर चालायला हुकवर १० ते १५ टक्के वजन हवं. एकदा पुण्याला निघताना पुढं गाद्या ठेवायच्या म्हणून टेबल-खुर्च्या मिळून ३४ किलो सामान आसाच्या एक मीटर पुढून काढलं आणि दीड मीटर मागं ठेवलं. नीट बांधलंही. हुक आसापासून तीन मीटरवर आहे. हिशेब केला तर अडीच मीटरच्या सरकण्यानं हुकवरचे सुमारे २८ किलो कमी झाले. राहिले ५२, म्हणजे ७ टक्के.

तेव्हा हा हिशेब मी केला नव्हता. खंबाटकीच्या बोगद्यातून खंडाळ्याच्या बाजूला उतार लागतो आणि पुढं ते एस आकाराचं वळण. तिथं ट्रेलर मागं झुलायला लागला. डावीकडं, उजवीकडं, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. पाय ब्रेककडं जात होता. तो मागं घेतला, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. गाडीचा ब्रेक दाबला असता तर ट्रेलरनं मागून रेटून गाडी आडवी केली असती. वेग उतरला तसे झोके थांबले. शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, नुसता माझा दंड धरून होती.

आपल्या भागात एक सोय आहे. ऊसपट्टा असल्यानं पाच-दहा किलोमीटरवर वजनकाटा सापडतो. ट्रेलर सोडून पूर्ण काट्यावर घ्या, वजन लिहा. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या, वजन लिहा. दोन्हीतला फरक म्हणजे हुकवरचं वजन. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक नीट दिसत नाही, तेव्हा अंदाज पक्का करायला घरचा वजनाचा काटा हुकाखाली लाकडावर ठेवून बघा. मात्र हुक चालताना असतो त्याच उंचीवर पाहिजे.

सांगली, गावभाग

आमच्याकडं ट्रेलर नाही आणि कधी असणारही नाही. पण घडीच्या लोखंडी कॉटचा अनुभव आहे म्हणून लिहिते.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा दिरांनी गावाकडून ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. हाताला येईल ते भरलं. फ्रिज, धान्य, गाद्या आणि कॉट. कॉट मिटवून मागच्या फळीला उभी टेकवली. सासूबाईंना गाद्यांवर बसवलं, दुसरीकडं बसवायला जागाच नव्हती. खड्ड्यात चाक गेलं आणि कॉट उघडली. सासूबाईंनी पडू नये म्हणून हात पुढं केला आणि दोन बोटं बिजागरीत आली. एक बोट मोडलं. मिरजेला पोचेपर्यंत त्या एकदाही ओरडल्या नाहीत. "पोरं घाबरतील," म्हणाल्या.

सामानाबरोबर माणूस बसवू नये हे आम्हालाही कळतं. पण त्या दिवशी तेच करावं लागलं. म्हणून ज्यांना सवड आहे त्यांना सांगते, कॉट मिटल्या मिटल्या बांधा. ती कुठं ठेवायची ते नंतर बघा. मी जुन्या नऊवारीच्या काठाच्या पट्ट्या शिवून कॉटच्या नळीलाच कायमच्या लावल्या आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. शोधाव्या लागत नाहीत. जुलै २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा कॉट मिटली, पट्ट्या बांधल्या आणि मग ती ट्रॉलीत चढली. बांधल्या सासूबाईंनीच, त्याच हातानं.

सातारा, धागा काढणारा

वहिनी, तुमचं वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

काल एवढं केलं. टेबल आता आसाच्या थोडं पुढं, पुढच्या ओट्याला भिडवून उभं, खाली रबरी मॅट आणि दोन बाजूंना गुटके. मुलीची लहानपणीची वाकळ होती, ती टेबल आणि ओट्याच्या मधे. पट्ट्याच्या कड्या प्लायमधून काढून सांगाड्याच्या पाइपवर बोल्टनं घेतल्या. टेबलाच्या चारही पायांना कापडी पट्ट्या शिवून घेतल्या, वहिनींसारख्या कायमच्या. शिवायला मुलगी बसली होती. सिलिंडर बाहेर असल्याची खात्री तिनं स्वतः जाऊन करून घेतली.

हुकवर वजन ९५ किलो आलं, ट्रेलर ७८० चा. म्हणजे १२ टक्के. रविवारी पहाटे बामणोलीला निघतोय. फौजीकाका, यवतेश्वरच्या पायथ्याला पहिला थांबा.