रोडसाइड क्रॅग, रेड रिव्हर गॉर्ज (केंटकी) येथे आरोहणासाठी जाण्याबाबत सल्ला हवा आहे

मुळशीकर

नमस्कार. आम्ही सिनसिनाटीत राहतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला एखादा शनिवार-रविवार रेड रिव्हर गॉर्जमध्ये घालवावा असे ठरत आहे. नियमभंगाला कंटाळून मालकांनी २०११ मध्ये बंद केलेला रोडसाइड क्रॅग (चढाईचा कातळ) आता परवाना घेऊन आरोहकांना पुन्हा खुला आहे, असे कळल्यामुळे तिथेच जावे अशी इच्छा आहे.

आम्ही चौघे असू. मी आणि पत्नी जिममधल्या भिंतीवर नियमित चढतो आणि तिथे ५.१० पर्यंतचे (अमेरिकी श्रेणी; आकडा वाढेल तसा मार्ग अवघड) मार्ग लीड करतो, म्हणजे दोर स्वतः खालून वर नेत, टप्प्याटप्प्याने अडकवत चढतो, मात्र उघड्या कातळावर लीड करण्याचा आमचा अनुभव बेताचाच आहे. मेहुणा पुण्याहून येतो आहे. तो बदामीला दर हिवाळ्यात जातो आणि आमच्यापेक्षा पुष्कळ चांगला चढतो. त्याच्या पत्नीने सह्याद्रीत ट्रेक भरपूर केले आहेत, पण हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा) कधी बांधलेला नाही.

परवान्याची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, अशा मिश्र गटासाठी ही जागा योग्य आहे का, शनिवारी गर्दी कितपत असते आणि सामानात जिमपेक्षा वेगळे काय न्यावे लागेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे जेवणाबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

घाटवाट

मी लेक्झिंग्टनला राहतो. गॉर्ज इथून तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे तिकडे जाणे-येणे चालू असते. तुमच्या प्रश्नांपैकी परवान्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

रेड रिव्हर गॉर्ज म्हटले की सगळे डॅनिएल बून राष्ट्रीय वनक्षेत्रात येते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इथल्या उत्तम स्पोर्ट मार्गांपैकी (कातळात आधीच ठोकलेल्या बोल्टना दोर अडकवत चढायच्या) बरेचसे खासगी जमिनीवर आहेत. काही जमिनी आरोहकांच्या संघटनेने वर्गणी जमवून विकत घेतल्या आहेत. पेंडरग्रास-मरे हे सुमारे ७५० एकरांचे क्षेत्र २००४ मध्ये असेच घेतले गेले आणि मदरलोड ही प्रसिद्ध भिंत ज्या बाल्ड रॉक क्षेत्रात आहे, ते २०१७ मध्ये. म्युअर व्हॅली एका दांपत्याने विकत घेऊन वाढवली आणि २०१५ मध्ये एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. रोडसाइडची गोष्ट वेगळी आहे. ती जागा आजही खासगी मालकांची आहे आणि ते तिचा सांभाळ निसर्गराखीव क्षेत्र म्हणून करतात. तिथे आपण चढतो ते केवळ त्यांच्या संमतीने. जमीन विनामूल्य खुली करणाऱ्या मालकांची कायदेशीर जबाबदारी केंटकीच्या कायद्याने बरीच मर्यादित केलेली आहे, हे खरे; पण जागा खुली ठेवलीच पाहिजे, असे बंधन कोणताही कायदा त्यांच्यावर घालत नाही. २०११ मध्ये त्यांनी जागा बंद केली तेव्हा कोणाला दाद मागण्याची सोयच नव्हती आणि उद्या पुन्हा बंद केली तरी ती नसेल.

म्हणून परवाना ही निव्वळ कागदपत्रांची औपचारिकता समजू नये. मालकांच्या संकेतस्थळावर जाऊन चौघांनीही आपापला परवाना घ्यावा. जो फक्त बिले करणार (खालून दोर सांभाळणार) आहे किंवा खाली बसून छायाचित्रे काढणार आहे, त्यानेही घ्यावा. अर्ज भरताना येणारे नियम वाचल्याशिवाय पुढे ढकलू नयेत, कारण मागची बंदी नेमकी नियम न पाळल्यामुळेच आली होती. निघण्याच्या आठवड्यात संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहावे. एखादा नियम बदललेला असू शकतो किंवा एखादा दिवस जागा बंद असू शकते. परवाना फोनमध्ये उतरवून ठेवावा किंवा छापून घ्यावा. स्लेड गाव मागे पडले की बहुतेक ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही आणि गाडी लावल्यावर तो शोधत बसलात तर सापडणार नाही.

आता जागेविषयी. नावाप्रमाणेच हा कातळ ११ क्रमांकाच्या रस्त्यालगत आहे आणि पायथ्याशी पोहोचायला फारशी चाल नाही. कदाचित त्याच्या लोकप्रियतेचे आणि दुर्दैवाचेही कारण हेच असावे. तुमच्या गटाला ही जागा जुळेल. ‘सी शार्प ऑर बी फ्लॅट’ हा ५.७ चा बोल्ट असलेला मार्ग तुम्हा दोघांना बाहेरच्या लीडची सवय करायला चांगला आहे. त्याच्या आसपास संगीतातल्या संज्ञांवरून नावे दिलेले आणखी काही सोपे मार्ग आहेत. तिथे हात बसला की ‘ए.डब्ल्यू.ओ.एल.’ हा ५.१०ए पाहावा. मेहुण्याने मात्र ‘रो शँपू’ सोडू नये. हा ५.१२ए चा मार्ग असून पूर्णपणे पुढे झुकलेल्या भिंतीवर आहे. पकडी इतक्या मोठ्या आहेत की खालून पाहणाऱ्याला श्रेणी खोटी वाटते. दोर ओढत निम्म्यावर पोहोचल्यावर ती खरी वाटू लागते.

इथले स्पोर्ट मार्ग, म्हणजे फक्त बोल्टवर चढायचे, आणि स्वतः भेगांत नट-कॅम ही काढता येणारी साधने लावत चढायचे ट्रॅड मार्ग एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. ‘रोडसाइड अ‍ॅट्रॅक्शन’ची ५.७ ही श्रेणी वाचून मोह होईल, पण तो ट्रॅड आहे. बोल्ट शोधत वर जाऊ नका.

कोलंबसची काकू

घाटवाट यांनी परवान्याबद्दल लिहिले ते पुरेसे आहे, मी फक्त दिवसाबद्दल सांगते. ऑक्टोबरमधला शनिवार हा रेडमधला, म्हणजे या गॉर्जमधला, सर्वांत गर्दीचा दिवस असतो. झाडांची पाने रंगलेली असतात, हवा कोरडी असते आणि आरोहकांच्या संघटनेचा रॉकटोबरफेस्ट हा मेळावाही याच महिन्यात भरतो, त्यामुळे आसपासच्या चार-पाच राज्यांतले आरोहक एकाच वेळी तिथे उतरतात. शक्य असेल तर रोडसाइड शुक्रवारी करा, एक दिवसाची रजा त्यासाठी सत्कारणी लागेल. शनिवारी म्युअर व्हॅलीत जा. ज्यांनी हार्नेस बांधलेला नाही त्यांच्यासाठी तिथला ब्रूझ ब्रदर्स हा भाग उत्तम आहे. सोपे मार्ग जवळजवळ आहेत, खाली उभे राहायला जागा आहे आणि आजूबाजूला शिकणारी माणसे असल्यामुळे नवख्याला संकोच वाटत नाही. तिथे आधी दायित्वमुक्तीचा अर्ज भरावा लागतो आणि गाडीमागे पार्किंगचे शुल्क असते. गाडीतळ वर आणि कातळ खाली दरीत असल्यामुळे संध्याकाळी दमलेल्या पायांनी चढ चढायचा आहे, एवढे लक्षात असू द्या.

जेवणासाठी स्लेडमधले मिगेल्स हे पिझ्झाचे ठिकाण सर्वांना माहीत आहे. भाज्यांचे पर्याय भरपूर असल्याने शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. मागच्या मैदानात तंबूही लावता येतो. मी तरी दुपारसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेते, कारण दुपारी कातळ सोडून गावात येणे म्हणजे अर्धा दिवस घालवणे.

निळा दोर

मी पुण्याचा. कामानिमित्त केंटकीत काही काळ होतो तेव्हा रेडमध्ये चढलो आहे आणि बदामीलाही जात असतो, त्यामुळे तुमच्या मेहुण्यासाठी चार शब्द लिहितो. दोन्हीकडे वाळूचा खडक आहे म्हणून पद्धत सारखी असेल, असे त्यांनी धरून चालू नये. बदामीत बरेचदा उभ्या भिंतीवर लहान कडा आणि भेगा मिळतात, पायांवर विश्वास ठेवून बारकाईने चढावे लागते आणि बोटांची परीक्षा होते. रेडमध्ये भिंत अंगावर येते आणि पकडी मात्र डब्याच्या तोंडासारख्या मोकळ्या असतात. एकही हालचाल अवघड वाटत नाही, तरी विसाव्या हालचालीला कोपरापुढचे हात इतके भरून येतात की क्विकड्रॉमध्ये (बोल्टला दोर अडकवायच्या जोड-आकड्यांमध्ये) दोर घालायला बोटे मिटत नाहीत. बदामीत ७ए (फ्रेंच श्रेणी, साधारण ५.११डी) सहज चढणारा माणूस पहिल्या दिवशी इथे त्याखालच्या श्रेणीवर लटकलेला मी पाहिला आहे. त्यात त्याची ताकद कमी पडली असे नाही. विश्रांती कुठे घ्यायची, हे त्याला उमगले नव्हते. मोठी पकड आली की हात सरळ ठेवून, गुडघा किंवा टाच अडकवून थांबायचे, एक एक हात खाली सोडून झटकायचा आणि श्वास जागेवर आल्याशिवाय निघायचे नाही. उंचीची घाई करणाऱ्याचे इथे काही चालत नाही.

उलट तुमच्या पत्नीच्या भावजयीला सह्याद्रीतल्या बेसॉल्टची सवय असेल, तर इथला कातळ सुखद वाटेल. प्रत्येक पकड आधी ठोकून पाहायची आपली सवय मात्र सोडू नये. इथेही लोहयुक्त पातळ पापुद्रे हातात येतात, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाने हेल्मेट घातलेलेच बरे.

मुळशीकर

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारची रजा टाकतो आहे आणि रोडसाइडचे परवाने त्याच दिवसाचे घेऊ. आणखी दोन शंका आहेत. जिममध्ये वर पोहोचल्यावर दोर आपोआप अडकवलेलाच असतो. इथे अँकरवर (मार्गाच्या वरच्या टोकाच्या पक्क्या आधारावर) काय करायचे असते? आणि पाऊस झाला तर चढावे की परत फिरावे? बदामीत ओल्या खडकावर चढू नये असे मेहुणा नेहमी बजावतो.

घाटवाट

पावसाचे आधी सांगतो. तुमचा मेहुणा बजावतो ते योग्यच आहे. वाळूचा खडक भिजला की ठिसूळ होतो आणि पकडी तुटतात. रेडमध्ये फरक एवढाच की अनेक भिंती इतक्या पुढे झुकलेल्या आहेत की भर पावसातही त्यांच्या पोटाला पाणी लागत नाही. ‘रो शँपू’सारखे मार्ग पावसात कोरडे राहू शकतात, उभ्या भिंतीवरचे सोपे मार्ग राहत नाहीत. म्हणजे पाऊस आला तर मेहुण्याचा दिवस चालू राहील आणि तुमचा थांबेल. अशा वेळी नॅचरल ब्रिज राज्य उद्यान अगदी जवळ आहे, ज्यांना चढायचे नाही त्यांनी तिथली नैसर्गिक दगडी कमान पाहून यावी. दोन दिवस जोराचा पाऊस होऊन गेलेला असेल तर कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवरही वरून झिरपणारे पाणी पकडींमध्ये साठलेले असते, तेही पाहून घ्यावे.

अँकरबद्दल. काही मार्गांवर वर आकडे किंवा कायमचे कॅराबिनर बसवलेले असतात, काहींवर नुसत्या कड्या. तुम्ही चौघे एकाच मार्गावर पाळीपाळीने टॉप रोपने (वरच्या अँकरमधून आलेल्या दोरावर) चढणार असाल, तर दोर थेट त्या कायमच्या लोखंडातून ओवू नये. आपले दोन क्विकड्रॉ, तेही उलटसुलट तोंडाचे, अँकरवर लावावेत आणि दोर त्यांतून घ्यावा. शेवटी उतरणाऱ्या एकट्यानेच कायमच्या लोखंडातून उतरावे. झीज आपल्या सामानाची होऊ द्यावी, कारण ते बदलणे सोपे असते. कड्यांतून दोर ओवण्यासाठी तो कमरेवरून सोडावा लागतो. ही क्रिया जमिनीवर, एखाद्या झाडाला क्विकड्रॉ लावून, डोळे मिटून जमेपर्यंत घटवावी. वर असताना बिले करणाऱ्याला ‘मला उतरव’ की ‘मी स्वतः उतरतो’ हे आधीच ठरवून सांगावे. या एका गोंधळातून झालेले अपघात सगळीकडे ऐकायला मिळतात. मार्ग साफ करण्याचे, म्हणजे लावलेले सामान काढून आणण्याचे, काम या वेळी मेहुण्याकडेच असू द्या.

सामानात तीन गोष्टी वाढवा. पहिली म्हणजे स्टिक क्लिप. इथे पहिला बोल्ट बरेचदा उंचावर असतो आणि तो जमिनीवरूनच काठीने क्लिप करण्यात कोणी कमीपणा मानत नाही. दुसरी म्हणजे ७० मीटरचा दोर. बऱ्याच मार्गांना ६० मीटर पुरतो, पण ज्याला पुरत नाही तो कोणता हे वर गेल्यावर कळून उपयोग नसतो, म्हणून दोर कोणताही असला तरी मोकळ्या टोकाला गाठ मारा. तिसरी म्हणजे लांब पँट. पायवाटेच्या कडेला पॉयझन आयव्ही असते आणि अंगाला लागली की आठवडाभर खाज जात नाही. तीन-तीन पानांची ही वेल ऑक्टोबरमध्ये सुंदर लाल होते, त्यामुळे कोणीतरी कौतुकाने हात लावतेच. पानांच्या ढिगात कॉपरहेडसारखे विषारी सापही असतात. बॅग टेकवण्यापूर्वी जागा काठीने चाळवावी.

आणखी एक. झुकलेल्या कातळाखालच्या कोरड्या जागा बसायला फार छान दिसतात, पण दोरीने किंवा फलकाने अडवलेल्या असतील तर आत जाऊ नये. या निवाऱ्यांमध्ये मूळ रहिवाशांच्या वस्तीचे अवशेष आहेत, शिवाय पांढऱ्या लवीची एक सोनसळी फुलांची वनस्पती जगात फक्त याच गॉर्जमधल्या अशा निवाऱ्यांत उगवते. ती संकटग्रस्त यादीतून २०१६ मध्ये बाहेर आली, तीही पायवाटा वळवून आणि कुंपणे घालून.

सिनसिनाटीहून आय-७५ ने लेक्झिंग्टन, तिथून आय-६४ आणि मग माउंटन पार्कवे धरून ३३ क्रमांकाच्या निकासाला उतरा. अडीच तास धरून चाला आणि शुक्रवार असला तरी सकाळी नऊच्या आत गाडी लागेल असे निघा. रोडसाइडला नेमून दिलेल्या जागेतच गाडी लावायची असते. ती जागा भरलेली असेल तर रस्त्याच्या कडेला गाडी घुसवण्यापेक्षा म्युअर व्हॅलीकडे वळा आणि रोडसाइडला दुपारी परत या.