मदत हवी आहे : मिग-21 च्या मॉडेलसाठी कोणता चंदेरी रंग घेऊ?

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात राहतो. महाराजपूरच्या तळावरची विमानं बघत वाढलो, वेड तिथूनच लागलं. सध्या आपल्या हवाई दलाच्या मिग-21 एफएल या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल करतोय, 1/72 मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), 1971 च्या सुमाराचं, उघड्या धातूचं, म्हणजे रंग न दिलेल्या पत्र्यासारखं दिसणारं.

पहिल्यांदा साधा चंदेरी अ‍ॅक्रिलिक ब्रशने मारला. कण जाडेभरडे दिसले, आणि मास्किंग टेप काढताना पंखावरचा रंगच उचलून आला. फार वाईट वाटलं.

आता एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घेतलाय. अल्क्लॅड कंपनीचा लॅकर (उग्र थिनरचा धातूरंग) चकचकीत काळ्या थरावर, 12-15 पीएसआय हवेच्या दाबावर, पातळ पातळ मारला की खरा पत्रा वाटतो. पण वास उग्र, आणि आईला दमा आहे. घरात तो नकोच वाटतो. व्हॅयेहो कंपनीचा मेटल कलर पाण्याचा, म्हणून मन तिकडे ओढतंय. मात्र शेपटीकडचा तापून काळवंडलेला भाग वेगळ्या छटेत करायचाय, म्हणजे टेप लावावीच लागणार.

व्हॅयेहोवर टेप कुणी लावून पाहिलीय का? किती तास वाळू दिला? वरून ग्लॉस वार्निश मारल्यावर धातूची चमक मरते का? दोन्ही रंग शेजारी-शेजारी मारलेला फोटो असेल तर कृपया टाका.