मदत हवी आहे: पिकअपच्या केबिनमधली धग आणि आवाज, ८ हजारांत काय होईल?

टॉवेलगाठ
नमस्कार मंडळी. गाडी अण्णांची, प्रश्न माझा. सिंगल केबिन डिझेल पिकअप, दहा वर्षं जुनी, रंग पांढरा, एसी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घ्यायलाच नको होती'वर जाईल.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी भरायच्या आणि हैदराबाद गाठायचं, कधीमधी पुणं. उन्हाळ्यात शक्यतो रात्री निघतो, पण परतीचं भाडं काही आपल्या वेळेला मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा केबिनमध्ये पाय अक्षरशः भाजतात. अण्णा पायाखाली ओलं पोतं टाकतात. ते उमरग्यापर्यंत वाळतं, मग ढाब्यावर पुन्हा भिजवायचं. टप किती तापतो ते बघायला कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक लावली, तर तिनं नुसतं 'हाय' दाखवलं. आजारी माणसाचा ताप मोजायचं यंत्र ते, टपाचा कुठून मोजणार.

आवाजाचं म्हणाल तर ७० च्या वेगाला मोबाईलवरचं ॲप ८४ डेसिबल दाखवतं. बाजूच्या सीटवर बसून बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि घरी आल्यावर अण्णा टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारच्या काकू बातम्या त्यांच्या घरी बसून ऐकतात.

तीन सल्ले मिळालेत. ॲक्सेसरीजच्या दुकानात दारं, टप, तळ सगळीकडे काळं शीट मारायचे १९ हजार सांगितले. सीटकव्हरवाला म्हणतो, थर्माकोल आणि वरून रेक्झिन, ३ हजारांत देतो. मामा म्हणतात, आमच्या कारखान्यातली टॉवेलची कात्रणं कोंबा, सोलापुरात त्याला काय तोटा आहे? माझ्याकडे ८ हजार आहेत. कुठून सुरुवात करू?

पत्रा_आणि_पाना
आधी एक सांग. चालवताना काचा वर असतात की खाली?

टॉवेलगाठ
खालीच की काका. एसी नाही म्हटलं ना. बंद केल्या तर हुरडाच होईल.

पत्रा_आणि_पाना
मग दारांवर एक रुपया घालू नकोस. दोन्ही काचा खाली असताना वाऱ्याचा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचा आवाज सरळ आत येणार, दाराच्या पत्र्याला काहीही चिकटव. १९ हजारांतले निम्मे तिथेच गेले असते. तुझे पैसे पायाखाली आणि समोरच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, लागू देत. धगही तिथूनच येते आणि इंजिनाची घरघरही.

दुसरं म्हणजे आवाज आणि उष्णता ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. दुकानातलं काळं शीट म्हणजे ब्युटाइल रबर, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा. त्याचं काम पत्र्याची थरथर मारणं. पत्र्यावर टिचकी मार, 'ठण्ण' वाजला तर तिथं शीट लागतं, 'ठप्प' वाजला तर नाही. अख्खा पत्रा मढवायची गरजच नसते, सपाट भागाचा मधला तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बरीच बसते. दोन मिलिमीटरचं शीट चौरस मीटरला साधारण तीन किलो भरतं, म्हणजे उगाच वजनही वाढवायला नको. पण उष्णता ते फारशी अडवत नाही. वरचा चकचकीत कागद बघून लोक फसतात. चकाकीचा उपयोग समोर हवेची फट असेल तरच. वर गालिचा दाबून बसवला की ती चकाकी गेली.

आणि शीट डांबराचं नाही ना ते बघून घे. गच्चीवर मारायची डांबरी पट्टी स्वस्त म्हणून कुणीतरी खपवतं. आपल्याकडच्या उन्हात ती मऊ पडते आणि केबिनमध्ये रस्ता नुकताच केल्यासारखा वास मारते.

डक्टवाली
उष्णतेसाठी माझ्या धंद्यातली वस्तू सुचवते. एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा मऊ रबर चढवतात, त्याच नायट्रिल रबराची शीटं मिळतात, ९ आणि १३ मिलिमीटर जाडीची. एसीचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा, गाडीच्या दुकानात त्याच मालाला 'ऑटो' म्हणून जास्त पैसे लावतात. त्यातले बुडबुडे बंद असतात, म्हणून पाणी शोषत नाही. तळाला ९ पुरे. १३ घातलं तर पेडलखाली गालिचा वर येतो आणि क्लच पूर्ण दाबला जात नाही. ही चूक मी स्वतःच्या गाडीत करून बसले आहे.

थर्माकोलचं नावही काढू नका. सुलोचन (चिकटवायचं सोल्युशन) लावलं की तो विरघळतो, तापला की आक्रसतो आणि वायरिंगजवळ ठिणगी पडली तर भडकतो.

टॉवेलगाठ
धन्यवाद ताई. मग मामांची कात्रणं? घरात विषय तापलाय.

डक्टवाली
मामा अगदीच चुकलेले नाहीत. कंपनीच्या गालिच्याखाली जो नमदा असतो तो बऱ्याचदा कापडाच्या कचऱ्याचाच दाबून केलेला असतो, आणि आवाज शोषायला कापूस चांगलाच. पण टॉवेलचा जन्मच पाणी प्यायला झालेला. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी धरून ठेवेल, खाली पत्रा गंजेल, वर उंदरांना आयतं घर. सीटच्या मागच्या भिंतीला, कोरड्या जागी, कापडी पिशवीत शिवून लावा. मामाही खूश.

रात्रपाळी६५
त्या ओल्या पोत्याचं कुणी बोललंच नाही! दहा वर्षं जुनी गाडी आणि रोज ओलं पोतं? भावा, काही चिकटवायच्या आधी रबरी मॅट उचलून बघ. आणि गिअरच्या दांड्याभोवतीचं रबरी बूटही. माझं फाटलं होतं, खालची गरम हवा थेट गुडघ्यावर यायची. सायलेन्सरच्या पाइपवरचा पत्र्याचा आडोसाही जागेवर आहे का बघ, गॅरेजमध्ये खोलला की परत बसवायचा कंटाळा करतात.

जाता जाता, काळ्या फिल्मच्या नादाला लागू नकोस. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून काचेवर काळी फिल्म चिकटवली की दंड. आणि नव्या ट्रकना एसी सक्तीचा झाला म्हणतात, तो नियम ३.५ टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. आपल्या पिकअप त्यात बसत नाहीत.

टॉवेलगाठ
रविवारी सीट काढून मॅट उचलली. काय सांगू. क्लचच्या पेडलजवळ अंगठा जाईल एवढं भोक, त्यातून खालचा रस्ता दिसतोय. भोवती वीतभर पत्रा कडक भाकरीसारखा, दाबला की तुकडे. गिअरचं बूट दोन ठिकाणी फाटलेलं. पाइपवरचा आडोसा नाहीच, फक्त त्याचे दोन बोल्ट शिल्लक. अण्णा गप्प उभे होते. मग म्हणाले, पोतं तुझ्या आजोबांच्या ट्रकपासून चालत आलंय.

पत्रा_आणि_पाना
बरं झालं आधी दिसलं. असल्या गंजावर शीट मारलं असतं तर वर्षभरात शीटसकट पाय खाली गेला असता. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे. बॅटरीची वायर काढायला सांग आणि डिझेलची नळी कुठून जाते ते वेल्डरला आधी दाखव. मग गंज घासून रेड ऑक्साइड, वर रंग, दोन दिवस वाळू दे. त्यानंतर स्वच्छ फडक्यानं पुसून ब्युटाइल, रोलर फिरवून घट्ट दाबायचं. हातमोजे घाल, त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. त्यावर नायट्रिल, वर मॅट. तळाला पाणी निघायची भोकं आहेत ती बुजवू नकोस. आणि इंजिनाच्या बाजूनं फायरवॉलला फोम लावायचा नाही, तेल पिऊन पेट घेतो. आतूनच लाव.

टॉवेलगाठ
काम झालं, दहा दिवस गेले. वेल्डिंग, गिअरचं बूट, जुन्या बाजारातून आडोसा, ब्युटाइल फक्त तळ आणि फायरवॉलला, नायट्रिल तळाला. सगळे मिळून ७,४०० झाले. ७० ला तेच ॲप आता ७९ दाखवतं, फोन त्याच जागी ठेवून. काल दुपारी हैदराबादहून आलो, पोत्याशिवाय. अण्णा पाय आपटून बघत होते, म्हणाले गाडी दुसऱ्याची वाटते.

टप मात्र अजून तव्यासारखा. उरलेल्या ६०० रुपयांत काही होईल?

रात्रपाळी६५
टपावर कॅरिअर आहे ना? ताडपत्री आणि दोरखंड हौद्यात न टाकता त्यावर पसरून बांध. खाली चार बोटं फट राहू दे, वारा खेळला पाहिजे. सावली बाहेरून पडली की पत्रा फारसा तापत नाही, आतल्या फोमपेक्षा हे बरं.

टॉवेलगाठ
कॅरिअर आहे. अण्णांनी त्यावर स्टेपनी ठेवलीय. आज उतरवतो.