ग्रुपमध्ये नाव घातलंय, तरी फोल्डर उघडत नाही

हिशेबवाली_सांगली
मी सांगलीत एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघते. वेगळा आयटीवाला नाही, त्यामुळे विंडोज सर्व्हरही मीच सांभाळते. 'टॅक्सऑडिट' फोल्डरला 'ऑडिट_टीम' ग्रुपची परमिशन आहे: शेअरिंगमध्ये चेंज, सिक्युरिटीत मॉडिफाय. सोमवारी नवी आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलगी) आली. सकाळी तिला लॉगिन करून दिलं, दुपारी ग्रुपमध्ये नाव घातलं. आज बुधवार, तरी तिला 'ॲक्सेस डिनाइड'. बाकी चौघांना उघडतं. डिनाय कुठेच दिलेलं नाही. कुणाला काय परमिशन मिळते ते दाखवणाऱ्या 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये तिचं नाव टाकलं तर सगळीकडे हिरव्या खुणा! टॅक्स ऑडिटची मुदत, ३० सप्टेंबर, तोंडावर आलीय आणि ती पोरगी तीन दिवस दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावून काम शिकतेय. बघवत नाही.

केबलवाला
तात्पुरतं 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाका, काम तर सुरू होईल.

सर्व्हररूम
कृपा करून तसं करू नका. क्लायंटचे पॅन, बॅलन्सशीट, फॉर्म १६ सगळं त्यात असणार. असलं 'तात्पुरतं' नंतर कुणी काढत नाही, मी वर्षानुवर्षं राहिलेलं पाहिलंय.
ताई, ती संध्याकाळी साइन आउट करते की नुसती स्क्रीन लॉक करते? कोण कुठल्या ग्रुपात आहे ही यादी लॉगिनच्या वेळी बनते आणि साइन आउट होईपर्यंत तीच चालते. इफेक्टिव्ह ॲक्सेस मात्र ग्रुपची आत्ताची यादी बघतं, म्हणून तिथे हिरवं दिसतं. तिच्या मशिनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूअ‍ॅमआय /ग्रुप्स' (whoami /groups) चालवा, तिच्या लॉगिनला मिळालेले ग्रुप दिसतील.

हिशेबवाली_सांगली
चालवलं. यादीत 'ऑडिट_टीम' नव्हतंच! जागेवरून उठताना विंडोज-एल दाबून स्क्रीन लॉक करायची हे मीच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि ती मनापासून तेवढंच करत होती. साइन आउट करून परत आल्यावर फोल्डर उघडला.
पण आत एका क्लायंटचा गेल्या वर्षीचा फोल्डर आहे, तो टीममध्ये कुणालाच उघडत नाही. साहेबांच्या फोल्डरमधून मी तो गेल्या आठवड्यात सर्व्हरवरच कट-पेस्ट केला होता. दोन्ही डी ड्राइव्हलाच आहेत.

सर्व्हररूम
तेच कारण. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फोल्डर जुन्या जागेच्या परमिशन घेऊनच येतो. कॉपी केला असता तर नव्या जागेच्या लागल्या असत्या. त्या एका फोल्डरच्या सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये जा. इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परमिशन आपोआप लागणं) चालू आहे ना बघा, साहेबांच्या फोल्डरच्या जुन्या नोंदी राहिल्या असतील तर काढा, आणि आतल्या सगळ्यांना याच परमिशन लावायची खूण करून ॲप्लाय करा. वरच्या 'टॅक्सऑडिट'ला हात लावू नका, तिथे एखाद्या फोल्डरला मुद्दाम वेगळी परमिशन दिलेली असेल तर तीही पुसली जाईल.

हिशेबवाली_सांगली
झालं. पाचही जणांना उघडतोय. पोरगी आपल्या टेबलाशी बसून टॅक्स ऑडिटचा फॉर्म थ्री-सीडी भरतेय. तुमचे खरंच उपकार आहेत.