निकालाबद्दल खोटं बोलणाऱ्या वकिलाची सनद जाऊ शकते का?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. विधानसभेच्या निकालानंतर आमच्याकडचे (जळगाव जिल्हा, नाव नको) एक वकीलसाहेब पत्रकारांपुढे म्हणाले, "पडली त्यापेक्षा जास्त मतं मोजली, पुरावा माझ्याकडे आहे." तो पुरावा अजून कोणाला दिसलेला नाही. बार कौन्सिलकडे तक्रार केली तर काही होतं, की नुसते कागद काळे?

टेबल_१४
आधी आकडा तपासा भो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटांना नमुना १७-सी ची प्रत देतो, त्यात मशीनमध्ये नोंदलेली एकूण मतं असतात. ती नमुना २० शी (मोजणीनंतरचा अंतिम निकालाचा तक्ता) केंद्रवार लावून बघा. टपाली मतं नमुना २० मध्ये तळाला वेगळी असतात. मतदानाचा आकडा फक्त मशीनचा आणि मोजणीची बेरीज टपालासकट धरली, की "जास्तीची मतं" निघणारच. उलटही होतं: मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मतं पुसायची राहिली तर ते यंत्र बाजूला ठेवतात, आणि विजयाचं अंतर पुरेसं मोठं असेल तर मोजतच नाहीत. या दोन्हींनी तफावत सुटली नाही तर साहेबांना खोटं ठरवायची घाई नको.

सनद_आणि_कोट
अधिवक्ता अधिनियम १९६१, कलम ३५. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, मुंबईला. मराठीत चालते, पण दाव्यासारखी सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी कथन) हवं. "पेपरात वाचलं" एवढ्यावर भागत नाही. व्हिडिओ अख्खा द्या, कापलेला नको. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसकट (फाइलचा डिजिटल ठसा). इथेच बहुतेक जण घसरतात. व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप कॉम्प्रेस होते, हॅश बदलते. ज्या मोबाइलवर चित्रण झालं त्यातलीच फाइल घ्या.

प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तरच प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. पुढे तक्रार फेटाळणे, ताकीद, सनद निलंबन किंवा वकिलांच्या पटावरून नाव कमी. वर्षभरात निकाल नाही तर कलम ३६-ब प्रमाणे भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग. आणि हो, मध्येच तडजोड झाली म्हणून चौकशी बंद होत नाही.

पांझरा
कागद ठीक, पण खरी गोम वेगळी आहे. ते वकील म्हणून बोलले की कार्यकर्ता म्हणून? न्यूयॉर्कने रुडी जुलियानींची सनद जून २०२१ मध्ये निलंबित केली आणि २ जुलै २०२४ ला रद्द केली, कारण ट्रम्प यांचे वकील म्हणून ते न्यायालयात, लोकप्रतिनिधींपुढे आणि जनतेपुढे २०२० च्या निवडणुकीबद्दल खोटं बोलले होते. आपल्याकडे कलमात "व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन" आहे, म्हणजे दार बंद नाही. पण पक्षाच्या मंचावरचं भाषण असेल तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव येणारच.

म्हणून वकीलपत्र कोणाचं होतं ते काढा. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस, आपल्या भागासाठी औरंगाबाद खंडपीठ. याचिका केली असेल आणि तिच्यात हा आरोपच नसेल, तर तिची प्रमाणित प्रत तुमचा सगळ्यात जड कागद. बाहेर गर्जना आणि सत्यापन केलेल्या याचिकेत मौन, हे समितीला समजावून सांगावं लागत नाही.

गिरणाकाठ
वकीलपत्र उमेदवाराचंच आहे. १७-सी गोळा करतो.

टेबल_१४
त्यावर कंट्रोल युनिटचा (मतदान यंत्रातला मतं साठवणारा भाग) क्रमांक असतो, तोही जुळवा. झेरॉक्सवर पुसट येतो, मूळ प्रतीचाच फोटो काढा.