मदत हवी आहे: आमचे कोटेशनचे मेल स्पॅममध्ये जातात

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दोन महिन्यांपासून व्यापाऱ्यांना पाठवलेलं कोटेशन त्यांच्या स्पॅममध्ये पडतंय. परवा एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "मेल आलाच नाही, म्हणून दुसरीकडे ऑर्डर दिली." फार लागलं मनाला.

स्वतःचं डोमेन आहे, मेल शेअर्ड होस्टिंगवरून (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) जातो. थोडं वाचल्यावर कळलं की डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफच्या, म्हणजे आमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा हे सांगणाऱ्या, दोन वेगळ्या नोंदी होत्या. एका डोमेनला एकच चालते, दोन असल्या की तपासणीच फसते. ती चूक सुधारली. डीकिमची सही (मेल खरंच आमच्या डोमेनचा आहे हे पटवणारी डिजिटल सही) मात्र अजून नाही, डीमार्कही (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारी नोंद) नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलंय. आम्ही आठवड्याला जेमतेम चाळीस पाठवतो, पण सगळ्यांना मजकूर तोच आणि सोबत दरपत्रकाची जड पीडीएफ.

त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणी स्पॅम पाठवला, तर आयपीची (सर्व्हरच्या पत्त्याची) पत जाऊन आम्हालाही भोगावं लागतं का? आधी डीकिम करू की होस्टिंगच बदलू? डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (नुसतं लक्ष ठेवायचं, मेल अडवायचा नाही) ठेवलेलं बरं ना? दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. ज्यांनी स्वतः हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.